जंतांची खानेसुमारी

गावात किती जणांना ताप आलाय हे दारोदार फिरलं की कळतं. किती घरांत दुचाकी आहे, किती पोरं शाळेत जातात, हेही कळतं. गावात किती जणांच्या पोटात जंत आहेत, हे मात्र विचारून कळत नाही, कारण ज्याच्या पोटात ते आहेत त्यालाच बहुतेक वेळा पत्ता नसतो. त्यासाठी प्रत्येकाच्या हातात एक रिकामी डबी द्यावी लागते आणि ती उद्या सकाळी भरून आणा असं सांगावं लागतं. जनगणनेच्या माणसाला चहा मिळतो. या माणसाला काय मिळत असेल याची कल्पना करा.

तरीही ही मोजणी गेली सव्वाशे वर्षं जगभर चालू आहे. मी डॉक्टर नाही. सार्वजनिक आरोग्याचे जुने अहवाल वाचायची खोड आहे, एवढंच. त्या वाचनात माझ्या लक्षात आलं, की जंतांच्या इतिहासातला सगळ्यात अडचणीचा भाग औषधाचा नाही, आकड्याचा आहे. ‘किती लोकांना जंत आहेत?’ आणि ‘किती जंत आहेत?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की लाखो गोळ्या वाटून पदरात काय पडलं ते सांगता येत नाही.

आपल्याकडे हा आकडा काढायची घरगुती पद्धत होती, आणि तिचं उत्तर नेहमी शंभर टक्के यायचं. पोरगं झोपेत दात खातंय? जंत. गालावर पांढुरके डाग? जंत. गूळ चोरून खातो? मग होणारच जंत. माझ्या लहानपणी यावर एकच न्यायनिवाडा असे, तो म्हणजे सुट्टीच्या दिवशी सकाळी एरंडेल. तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेलं पाणी देण्याची पद्धत तर अजूनही अनेक घरांत आहे. वावडिंग म्हणजे संस्कृतातलं विडंग, कृमींवरचं जुनं नावाजलेलं औषध. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. म्हणजे वर्गीकरण होतं, औषध होतं. गावात किती, हा प्रश्न नव्हता. तो प्रश्न पडायला आधी गाव ही एकच आजारी व्यक्ती आहे असं बघायला शिकावं लागतं, आणि ते जगात कुठेच फार जुनं नाही.

अंकुशकृमीचंच घ्या. साधारण एक सेंटिमीटर लांबीचा, धाग्यासारखा किडा. लहान आतड्याच्या अस्तराला तोंडानं चिकटतो आणि रक्त पितो. 1838 साली मिलानमध्ये आंजेलो दुबिनी या डॉक्टरला एका शेतकरी बाईचं शवविच्छेदन करताना तो दिसला. 1843मध्ये त्यानं त्याचं वर्णन छापलं. तोवर त्यानं शंभर प्रेतं नेटानं तपासली होती आणि वीसहून अधिक प्रेतांत त्याला हा किडा सापडला होता. माझ्या माहितीत अंकुशकृमींची ही पहिली टक्केवारी, आणि ती मेलेल्यांची आहे. शिवाय किडा सापडला होता, आजार सापडला नव्हता. माणसाच्या पोटात किडे असायचेच, त्यात विशेष काय, अशीच तेव्हाची समजूत.

ही समजूत मोडली ती आल्प्सच्या पोटात. स्वित्झर्लंडमधला गोटहार्ड रेल्वे बोगदा 1872 ते 1882 या काळात खणला गेला. लांबी पंधरा किलोमीटर. खणणारे बहुतेक इटालियन मजूर. आत उकाडा, पायाखाली सतत चिखल आणि शौचाची काहीच सोय नाही, त्यामुळे सगळं तिथेच. मजूर पांढरेफटक पडू लागले, धापा टाकू लागले, मरू लागले. 1880च्या सुमारास तुरीनच्या एदोआर्दो पेरोनचितो यांनी दाखवून दिलं, की या पांडुरोगाच्या मुळाशी दुबिनीचाच किडा आहे. बोगद्याच्या ओल्या, उबदार अंधारात त्याच्या अळ्या मजेत वाढत होत्या. तुरीनच्याच कामिल्लो बोत्सोलो यांनी त्यावर थायमॉल हे औषध वापरलं. हे थायमॉल आपल्या ओळखीचं आहे, ओव्याच्या वासात जे झणझणतं ते. आपल्या आज्या पोटदुखीवर ओव्याचं फूल देत, तेच हे. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून ओवा जर्मनीला जाई, तिथं त्यातून थायमॉल काढत, आणि ते जगभरच्या दवाखान्यांत पोचे.

किडा शरीरात शिरतो कुठून, हे कळायला अजून वीस वर्षं लागली, आणि कळलं ते सांडलवंडीतून. कैरोमध्ये आर्थर लोस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब पडले. कातडी लाल झाली, खाज सुटली. पुढं काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्याच शौचात अंकुशकृमींची अंडी दिसू लागली. खात्री करून घ्यायला त्यानं एका मुलाच्या पायावर अळ्या सोडल्या. तो पाय तासाभरात कापायचाच होता. कापल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कातडीत शिरलेल्या अळ्या दिसल्या. त्या मुलाचं नाव मला कुठं आढळलं नाही.

आता साखळी पूर्ण झाली. उघड्यावर शौच, ओलसर सावलीची माती, अंड्यातून बाहेर पडून आठवड्याभरात तयार होणारी अळी, अनवाणी पाय. पायातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून गिळली जाऊन आतड्यात. कोकणातल्या सुपारीच्या वाडीत पावसाळ्यात अनवाणी हिंडलेल्या कुणालाही बोटांच्या बेचक्यातली ती खाज आठवेल. तिला आम्ही सरसकट चिखल्या म्हणायचो. सगळी खाज चिखलाचीच होती का, कोण जाणे.

साखळी कळली तेव्हा एका साम्राज्याला नुकतंच नवं बेट मिळालं होतं. 1899च्या ऑगस्टमध्ये पोर्तो रिकोवर मोठं वादळ आलं, कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाले, डोंगरातले मजूर किनाऱ्याकडे आले. त्यांचे चेहरे पिवळट पांढरे होते. अमेरिकी लष्करातला तरुण डॉक्टर बेली ॲशफर्ड त्यांना आधी भरपूर खाऊ घालत होता, कारण हे उपासमारीचंच दुखणं असा सगळ्यांचा समज. खाऊन कुणी सुधारेना. नोव्हेंबरमध्ये त्यानं शौच तपासलं आणि अंडी सापडली. 1904पासून बेटावर सरकारी मोहीम निघाली आणि सहाएक वर्षांत जवळपास तीन लाख लोकांवर उपचार झाले. बेटाच्या लोकसंख्येचा हा मोठा हिस्सा होता.

पण या सगळ्यात गाजली ती अमेरिकेच्या दक्षिणेतली मोजणी, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स हा प्राणिशास्त्रज्ञ. शिक्षण लाइपझिगचं. 1902 साली त्यानं दाखवलं, की अमेरिकेतला अंकुशकृमी दुबिनीच्या किड्याहून वेगळा आहे. दक्षिणेतल्या वाळूच्या जमिनींवर राहणारे गरीब गोरे शेतकरी पिढ्यान् पिढ्या सुस्त, कोमेजलेले, खुरटलेले म्हणून हिणवले जात. त्यांची सुस्ती स्वभावातली नसून पोटातली आहे, असं तो सांगू लागला. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रानं मथळा दिला, आळसाचा जंतू सापडला! स्टाइल्स जन्मभरासाठी त्या मथळ्याशी बांधला गेला.

या मथळ्यात दोन्ही धारा होत्या. एकीकडे, ज्याला तुम्ही आळशी म्हणता तो रक्तक्षयानं थकलेला माणूस आहे, हे त्यात होतं. तसं कुणी म्हणणं ही त्या माणसाच्या बाजूनं मोठी गोष्ट होती. दुसरीकडे, सगळ्या प्रांतावरच कृमिग्रस्त असा शिक्का बसला. दक्षिणेतली वृत्तपत्रं खवळली. 1909च्या ऑक्टोबरमध्ये तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांनी या कामाला दहा लाख डॉलर दिले तेव्हा अफवा उठली, की रॉकफेलर आता बुटांच्या धंद्यात उतरणार, म्हणून अनवाणी पायांची एवढी काळजी! जॉर्जियातले एक बिशपही विरोधात उभे राहिले. शिवाय हा किडा गुलामांच्या जहाजांतून आफ्रिकेतून आला असं स्टाइल्स सांगे. ते जीवशास्त्र म्हणून बहुधा बरोबर असेल. पण त्यावरून काळ्यांच्या वस्त्या म्हणजेच रोगाचं कोठार असा निष्कर्ष काढणं सोपं होतं, आणि तो काढला गेला. त्या लोकांना जहाजांत कोंडून कुणी आणलं, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

रॉकफेलर कमिशन अकरा राज्यांत उतरलं. सूत्रं होती विक्लिफ रोज या माजी प्राध्यापकाकडे. गावोगाव दवाखान्याचा दिवस ठरे. लोक बैलगाड्या-घोडागाड्या जुंपून, जेवणाचे डबे बांधून येत. बाटल्यांमध्ये ठेवलेले किडे बघत, सूक्ष्मदर्शकातून अंडी बघत, भाषण ऐकत, भजनं म्हणत. आपल्याकडच्या जत्रेतल्या आरोग्य शिबिराची आठवण व्हावी असंच ते दृश्य. मग उपचार. आदल्या रात्री मीठरेच, सकाळी थायमॉल, पुन्हा रेच. त्या दिवशी तेलतूप आणि दारू वर्ज्य, कारण त्यांनी थायमॉल रक्तात भिनून माणूस दगावू शके.

या मोहिमेत शाळकरी मुलांची शौचं तपासली गेली, आणि सरासरी चाळीस टक्के मुलांमध्ये अंकुशकृमी निघाला. चार लाखांहून अधिक लोकांवर उपचार झाले. पाच वर्षांत कमिशन बंद झालं. नावात ‘उच्चाटन’ हा शब्द होता, तो काही खरा ठरला नाही. उपचार झालेला माणूस त्याच परसात अनवाणी परत जाई. तरीही काहीच झालं नाही असं नाही. 2007मध्ये अर्थतज्ज्ञ होयट ब्लीकली यांनी जुने आकडे जनगणनेशी ताडून पाहिले. जिथं जंत जास्त होते तिथं मोहिमेनंतर मुलांची शाळेतली हजेरी आणि साक्षरता जास्त वाढली होती, आणि ती मुलं मोठेपणी जास्त कमावत होती.

पण त्या चाळीस टक्क्यांत एक खोट होती. शौचात एक अंडं दिसलं काय आणि हजार दिसली काय, दोन्ही मुलं ‘बाधित’ याच रकान्यात. ज्याच्या आतड्यात पाच किडे आहेत त्याला ते जाणवतही नाहीत. अमेरिकेतल्या जातीचा एक किडा दिवसाला मिलिलिटरचा काही शतांश भाग एवढंच रक्त पितो. दोनशे किडे असले तर मात्र रोज काही मिलिलिटर रक्त जातं. अर्धपोटी जेवणाऱ्या पोराला किंवा गरोदर बाईला ते भरून काढता येत नाही. 1923 साली नॉर्मन स्टोल यांनी यावर एक साधी युक्ती काढली. ठरावीक वजनाचं शौच कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात काचेच्या मण्यांसोबत घुसळायचं, त्यातला अगदी थोडा ठरावीक भाग काचेवर घेऊन अंडी मोजायची आणि गुणाकार करायचा. हाती येतो एक ग्रॅममागे अंड्यांचा आकडा, आणि त्यावरून पोटात साधारण किती माद्या असतील याचा अंदाज.

ही युक्ती घेऊन एसा चँडलर नावाचे अमेरिकी कृमिशास्त्रज्ञ 1920च्या दशकाच्या मध्यावर कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आले. तोवर हिंदुस्थानबद्दल एकच भयंकर वाक्य प्रचलित होतं, ते म्हणजे बहुतेक सगळी प्रजा कृमिग्रस्त. चँडलर यांनी प्रांतोप्रांतीची अंडी मोजली आणि त्या वाक्यातली हवाच काढली. अनेक भागांत बाधित लोकांची टक्केवारी प्रचंड, पण माणशी किडे थोडे. खरा जड भार होता तो ठरावीक ठिकाणी. ओल, सावली, दाट वस्ती आणि मजुरांची गर्दी जिथं एकत्र आली तिथं, म्हणजे आसामसारख्या भागातल्या चहाच्या मळ्यांत. हा भार कुणी आणला? मळ्यांनीच. माणसं गोळा करून, शौचाची सोय न करता, सावलीच्या झाडांखाली वर्षभर राबवून. आणि मळेवाल्यांच्या कागदपत्रांत तक्रार कसली, तर मजूर सुस्त आहेत. सिलोनमध्ये 1916पासून रॉकफेलरवाल्यांनी तमिळ मजुरांसाठी हीच मोहीम चालवली. मळेवाल्यांना गोळी हवी होती, कारण तिनं काम वाढतं. संडास बांधायला पैसे लागतात, तिथं गाडी अडे.

चँडलर यांचं काम आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही, याचं मला नवल वाटतं. 1947मध्ये स्टोल यांनी जगाचा हिशेब मांडला. मोठ्या गोल जंतांचे 64 कोटी 40 लाख बाधित, अंकुशकृमींचे 45 कोटी 70 लाख. हे आकडे दशकानुदशकं उद्धृत होत राहिले. मोठे आकडे लक्षात राहतात, त्यांच्याखाली लिहिलेली ‘पण’ची ओळ राहत नाही. ती ओळ पुढं गणितानंही पक्की केली. कुठल्याही गावातल्या एकूण जंतांपैकी बहुतेक जंत थोड्याच लोकांच्या पोटात राहतात. ढोबळमानानं पाचातल्या एकाकडे पाचातले चार. गावातल्या जमिनीच्या वाटपासारखंच, फक्त इथं ज्याच्याकडे जास्त तो बहुधा सगळ्यात गरीब.

मग सगळ्या गावाची मोजणी करायची की नाही? दक्षिण कोरियानं करून दाखवली. 1963च्या ऑक्टोबरमध्ये जनजू शहरातल्या मिशन दवाखान्यात नऊ वर्षांची मुलगी पोट दुखतं म्हणून आली. शस्त्रक्रियेत तिच्या आतड्यातून 1,063 गोल जंत निघाले. मुलगी वाचली नाही. पुढच्या वर्षी जंतनिर्मूलनासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, 1966मध्ये कायदा झाला आणि 1969पासून देशातल्या शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा शौचतपासणी सुरू झाली. त्या पिढीतल्या प्रत्येक कोरियन माणसाला शाळेत न्यायची ती पाकिटं आठवतात, आणि मोठ्यानं नावं वाचून वाटलेल्या गोळ्याही. 1971च्या पहिल्या देशव्यापी पाहणीत 84.3 टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या कृमीची अंडी निघाली. 1992मध्ये 3.8 टक्के. पण केवळ गोळ्यांनी हे झालं असं म्हणणं कोरियावर अन्याय होईल. त्याच वीस वर्षांत तिथं भाजीला सोनखत घालणं थांबलं, रासायनिक खत आलं, नळ आले, भुयारी गटारं आली. यातलं श्रेय वेगळं काढणं कुणालाच धड जमलेलं नाही.

भारतात 10 फेब्रुवारी 2015ला पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला, महाराष्ट्रासह अकरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत. आता बहुतेक राज्यांत वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची चावायची गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. इथं तपासणी नाही, सरसकट वाटप आहे. कारण सरळ आहे. गोळी स्वस्त, तपासणी महाग. नमुना म्हणून देशभर जी मोजणी झाली तीत मध्य प्रदेशात 12.5 टक्के आणि तमिळनाडूत 85 टक्के असे आकडे आले. आरोग्यव्यवस्थेसाठी नावाजलेल्या राज्यात एवढे? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही थबकलो. पण जंत आरोग्यखात्याची कामगिरी बघून येत नाहीत, माती आणि ओल बघून येतात. शिवाय हा पुन्हा ‘किती लोकांना’चाच आकडा आहे.

म्हणूनच पुढच्या भांडणाचं मला आश्चर्य वाटत नाही. केनियातल्या बुसियामध्ये 75 शाळांत एडवर्ड मिगेल आणि मायकल क्रेमर यांनी अभ्यास केला. गोळ्या दिल्यानं गैरहजेरी पावपट घटली, असं 2004मध्ये प्रसिद्ध झालं. उलट उत्तर प्रदेशात 72 विकासगटांतल्या लाखो मुलांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीत दर सहा महिन्यांनी गोळी देऊनही बालमृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ते निष्कर्ष 2013मध्ये आले. दोन्ही गटांचे तज्ज्ञ एकमेकांवर तुटून पडले. पण बुसियात जंतांचा भार जड होता आणि उत्तर प्रदेशातल्या त्या मुलांत हलका. चँडलर हयात असते तर त्यांनी दोघांनाही आधी अंडी मोजायला बसवलं असतं.

दक्षिणेतल्या त्या मोजणीला मात्र अलीकडे एक शेपूट फुटलं. अलाबामात लाउंड्स नावाचा जिल्हा आहे. सेल्मा ते माँटगोमेरी हा 1965चा नागरी हक्कांचा मोर्चा याच जिल्ह्यातून गेला होता. वस्ती बहुतांश काळ्यांची, गरीब. चिकणमातीत पाणी मुरत नाही, मैलाटाक्या परवडत नाहीत, त्यामुळे अनेक घरांचा मैला नळीतून थेट परसात पडतो. 2017मध्ये संशोधकांनी तिथल्या 55 जणांचे नमुने नव्या जनुकीय पद्धतीनं तपासले. 19 जणांत स्टाइल्सच्याच किड्याच्या खुणा आढळल्या. जगभर बातम्या झाल्या. नंतर त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यांत शेकडो मुलांची तपासणी झाली, तर एकातही काही सापडलं नाही. किती जणांना आहे, यावर पुन्हा वाद. मैल्याच्या प्रश्नावर 2023मध्ये केंद्र सरकारच्या न्यायखात्यानं राज्याशी करार केला होता. 2025च्या एप्रिलमध्ये तो रद्द झाला.